आधी हाक तर मारून दाखवा

…आणि वर मलाच विचारतात, "एवढं लांब नाव कसं काय रे?" जसं काही मीच पाळण्यातून उठून ठरवलं होतं! तुम्हाला सांगतो, त्रिविक्रमादित्य क्षीरसागर, हे नाव घेऊन कॅरी, नॉर्थ कॅरोलायनात राहून बघा एकदा. नवीन टीचर हजेरी घ्यायला लागते, ॲडम्स, बेकर, जॉन्सन, गाडी मस्त चाललीये… आणि एकदम ब्रेक. शांतता. बाई चष्मा काढते, पुसते, परत घालते. ती शांतता म्हणजे मी. मी हात वर करतो, "हिअर."

लहानपणी रडायचो यार. बाबांना म्हणायचो, मला मॅक्स करा. मॅक्स म्हणजे माझा बेस्ट फ्रेंड, नाव कसं, टाळी वाजवल्यासारखं! पण नववीत डोळे उघडले. शाळेच्या दारात अस्वलाचा पुतळा आहे, त्याला मी आईची नऊवारी नेसवली. मॅक्स बिचारा नुसता पिना धरून उभा. तेवढ्यात व्हाइस प्रिन्सिपल धावत आले. "मॅक्स!" झालं, मॅक्स जागेवर थिजला, आठवडाभर डिटेन्शन. आणि मला? "ट्रिव्… ट्राय… ट्रिव्ही… यू देअर…" तोवर मी बसमध्ये, खिडकीपाशी. दुसऱ्या दिवशी स्पीकरवरून बोलवायला गेले, अर्ध्यात खोकला आला, नाद सोडला. पकडाल हो मला, पण आधी हाक तर मारून दाखवा!

असं हे चिलखत. आणि गेल्या वर्षी मला भाऊ झाला, तर घरात काय ठरतंय? नील! बाबा म्हणाले, "एकदा चूक झाली, परत नाही." चूक समोर बसून पोहे खातेय, याचं काही नाही. आई म्हणाली, "अरे, त्याला तरी सुखानं जगू दे." सुखानं? नील म्हणजे एका श्वासात सापडणार, जन्मभर दुसऱ्याच्या पिना धरणार. सख्खा भाऊ आहे माझा, गप्प कसा बसू?

आता बारशाला कानात नाव सांगायचा मान आत्याचा. सुहासिनीआत्या पुण्यात, म्हणून ती व्हिडिओ कॉलवर, आणि बाळाच्या कानाशी फोन धरायला मी. आदल्या दिवशीच तिला गाठली. "आत्या, मान तुझा, आणि नाव बाबा ठरवणार? बरं, तुझ्या आजोबांचं नाव काय होतं गं?" पलीकडून नुसतं नाक ओढलेलं ऐकू आलं. म्हटलं, जमलं.

बारशाला सगळे नटून बसलेत, शेजारच्या शोभाकाकू घुगऱ्या वाटतायत, मी फोन धरलाय, आणि आतून आवाज, "कुर्रर्र… विश्वंभरनाथ!" बाबांचं तोंड त्या अस्वलासारखं उघडं. पण आत्यानं सांगितलं म्हणजे सांगितलं. आणि पद्धत काय, नाव सांगून झालं की आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे. आत्या पुण्यात. मग पाठ कुणाची? फोन धरणाऱ्याची! काकूंनी हळू घातले. बाबांनी नववीपासूनचे साठवलेले घातले. शेवटच्या धपाट्यानंतर मात्र हात पाठीवरच राहिला त्यांचा. "आजोबा," एवढंच म्हणाले, आणि डोळे पुसायला किचनमध्ये गेले.

मी जिंकलो की नाही? थांबा. आईनं मला शिक्षा काय दिली असेल? "बाकी कुणी काही म्हणो, तू त्याला पूर्ण नावानंच हाक मारायची. तूच ठेवायला लावलंस ना?"

आणि आता तो चालत नाही हो, पळतो. काल माझा फोन घेऊन निघाला, थेट टॉयलेटकडे. मी मागून, आई बघतेय म्हणून नियमानं, "विश्… विश्वं… विश्वंभर…" नाथ येईपर्यंत डुबुक.

वळून बघितलं त्यानं माझ्याकडे, चार दात दाखवत. अजून बोलता येत नाही त्याला. पण मला स्पष्ट ऐकू आलं…

दादा, आधी हाक तर मारून दाखव.