शेपटीवरची चीर

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून, डोळे मिटून बसलेल्या एका शाळेच्या बाईंना शेजारच्या बापलेकीचं बोलणं आयतंच ऐकू येत होतं.

“बाबा, त्या जुन्या विमानाच्या शेपटीवरची चीर वाढली का हो?”

“दोन वर्षांत केसभरही नाही. चिरेच्या टोकाशी तारखेसकट खूण केलीय. पन्नास तास उडालं की भिंग लावून बघतोच.”

“वाढली नाही, की तुम्हाला दिसत नाही?”

“तेच मी स्वतःला विचारलं. परवा एका खुणेच्या दोन दिसायला लागल्या.”

“मग हो?”

“मग काय, विमानाचं उड्डाण थांबवून ते उभं केलं. नोंदवहीत लिहिलं आणि निवांत इकडे आलो.”

“काय लिहिलंत?”

“चिरेचं नक्की सांगता येत नाही. तपासणाऱ्याचे डोळे दुरुस्तीला पाठवले आहेत.”