चमकत्या बाजूचं कुंकू

मी, अंकुश डोमाजी भोयर, वय ३६ वर्षे, धंदा कॉम्प्युटर दुरुस्ती, रा. पिपरी मेघे, ता. जि. वर्धा, आज समक्ष पोलीस ठाण्यात हजर होऊन विचारल्यावरून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी माझी आई सुमित्राबाई हिच्यासह राहतो. घराच्या पुढच्या खोलीत माझे दुकान आहे. तक्रारदार रूपराव धोटे हे आमचे शेजारी असून मी त्यांना काका म्हणतो. मी सायकल शिकलो ती त्यांच्याच सायकलवर आणि पडलो तोही त्यांच्याच कुंपणात. माझ्यावर चोरीचा आळ घेताना त्यांनी हे सांगितलेले नाही, म्हणून मी सांगतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काकांनी त्यांचा लॅपटॉप दुकानात आणला. तो सुरू होत नव्हता. त्यात रुख्माबाई काकूंनी म्हटलेली लग्नातली गाणी भरलेली आहेत. गळ्याच्या ऑपरेशननंतर काकूंचा आवाज गेला. आता त्या कानाशी कुजबुजल्यासारख्या बोलतात. काका मला म्हणाले, "बाकी सारं गेलं तरी चालते, अंकुश. गाणे नाई गेले पाह्यजे." मी म्हणालो, "गाणे अलग भागात हायेत, काका. त्याले मी हातच नाई लावत. चहा घ्या."

नवीन सिस्टीम टाकण्यासाठी मी स्वतः बनवलेली डीव्हीडी वापरतो, कारण पेनड्राइव्ह गिऱ्हाईक खिशात घालून नेतात. नव्या लॅपटॉपमधली, गाणी वगैरे साठवणारी डिस्क साध्या डीव्हीडीला ओळखू येत नाही. तिची ओळख करून देणारी फाईल, म्हणजे स्टोरेज ड्रायव्हर, डीव्हीडीत आधीच घालून ठेवावी लागते. तशी मी घातली होती.

परंतु काका येण्याच्या दोन दिवस आधी, खंडेनवमीला आईने दुकानातल्या हत्यारांची पूजा मांडली. पेचकस, पक्कड यांच्यासोबत ती डीव्हीडीही पाटावर ठेवली आणि ओल्या हळदीकुंकवाचे बोट नेमके चमकत्या बाजूला लावले. विचारले असता, "कुंकू तोंडाले लावतात का पाठीले?" असे तिने मलाच विचारले. पुसताना ओरखडे पडून डीव्हीडी निकामी झाली. आईला बोलून आजवर कोणाचे भले झालेले नाही.

म्हणून काकांच्या लॅपटॉपला मी ड्रायव्हर नसलेली जुनी डीव्हीडी लावली. डिस्क सापडली नाही असे स्क्रीनवर आले व ते मी मराठी करून मोठ्याने वाचले. असे मोठ्याने वाचायचे नसते, ही अक्कल मला नंतर आली. काका ताडकन उठले. "डिस्कच नाई? माह्या घरून आणली तवा होती!" मी म्हणालो, "हाय काका, याले दिसून नाई राह्यली." ते म्हणाले, "हाय त दिसन ना बे! काढून घेतली तुनं." मी दिलेला चहा तसाच ठेवून ते लॅपटॉप घेऊन थेट इथे आले. त्यांनी मला चोर म्हटले याचे मला फार वाईट वाटले.

आज मी ड्रायव्हर घालून नवी डीव्हीडी बनवली व हवालदार सचिन साहेबांच्या टेबलावर सर्वांसमक्ष लावली. डिस्क जागेवर दिसली. सिस्टीम चढेपर्यंत काका मला शिव्या देत होते, पण नजर स्क्रीनवरून हलत नव्हती. माझ्यासोबत ठाण्यात आलेली आई साहेबांना म्हणाली, "गुन्हा माहा हाय, मले अंदर टाका. पण याले पहिले जेवू द्या."

त्यानंतर काकांनी गाणे लावले. काकांसोबत आलेल्या काकू खुर्ची ओढून जवळ आल्या. "हे मी होय?" त्यांनी विचारले. काका म्हणाले, "तूच. दुसरं कोण असन?" मग माझ्याकडे न पाहता माझ्या पाठीवर हात ठेवून, "तो चहा राह्यला माहा," एवढेच म्हणाले.

माझी काकांविरुद्ध काहीही तक्रार नाही.

हा जबाब साहेबांनी मला वाचून दाखवला, परंतु गाणे सुरू होते व ते बंद करा असे कोणीच म्हणाले नाही. गाणे संपल्यावर पुन्हा वाचून दाखवला. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.