तुम्ही बेसवर असते कधी?

…नाही, पण गुडघ्याला पट्टा बांधलेल्या माणसाला कोणी पहिल्या नंबरवर पाठवतं का? तुम्हाला सांगतो, लंडनजवळच्या आमच्या वॉटफर्डच्या मराठी मंडळाची बेसबॉल टीम आहे, दर रविवारी पार्कात खेळतो, आणि दोन वर्षं बॅटिंगला पहिला जायचो मी, प्रणव, का, तर टीममध्ये सगळ्यात जोरात पळतो मी, पहिल्या बेसवरून दुसऱ्यावर असा सटकतो की समोरचा हातात बॉल घेऊन नुसता बघत राहतो… म्हणजे, सटकेन. पहिल्या बेसवर पोचलो तर.

यंदा मॅनेजर झाली अक्षरा. इथेच जन्मलेली, मराठी जरा मोडकंतोडकं, दिवसभर कौन्सिलमध्ये आकडे बघते, तिनं आल्या आल्या मला नवव्या, म्हणजे शेवटच्या नंबरवर ढकललं आणि पहिला नंबर दिला शशिकांतकाकांना. वय एकसष्ट, गुडघ्याला तो पट्टा. हॉस्पिटलमध्ये पेशंटला भूल देतात, आणि त्यांना पळताना बघाल तर वाटेल स्वतःच घेऊन आलेत. मी म्हटलं, अगं, आणि स्पीड? तर म्हणते कशी, "प्रणवकाका, तुमची स्पीड अमेझिंग आहे, पण तुम्ही बेसवर असते कधी?"

दहा वेळा बॅट हातात घेतली तर मी पोचतो दोनदा, काका पाच वेळा. पोचतात कसे, विचारा ना. काही करत नाहीत. उभे राहतात. खराब बॉलला बॅटच लावत नाहीत, आणि असे चार खराब बॉल सोडले की चालत चालत पहिल्या बेसवर जायचं, त्याला म्हणतात वॉक. मला नाही जमत हो ते, बॉल दिसला की हात शिवशिवतात, मग तो बाहेरचा असो, डोक्यावरचा असो… आणि मान खाली घालून परत आलो की मॅनेजरबाई उभ्याच, "तुम्ही बेसवर असते कधी?"

बरं, हे वॉक तरी काकांना कुठे माहीत होतं? पहिल्या मॅचला अंपायर म्हणाला "वॉक", काकांनी बॅट बगलेत मारली, त्याला मान लववली आणि आले की परत बाकावर. सगळा जन्म क्रिकेटमध्ये गेलेला, तिथे वॉक म्हणजे आपण आऊट आहोत हे कबूल करून निमूट निघून जाणं. मी म्हटलं, "अहो काका, बेस तिकडे आहे," तर म्हणतात, "असू दे रे, अंपायरशी वाद घालू नये." अशा माणसानं माझी जागा घेतली. वाईट वाटतं हो. घरी बायकोला, रेखाला, सांगायची अजून हिंमत झालेली नाही.

मागच्या रविवारी शेवटी मी अक्षराला गाठलं. म्हटलं, ठीक आहे, पोचतील काका, पण त्या गुडघ्यावर पुढे पळणार कोण? ती शांतपणे म्हणाली, "लीगमध्ये रूल आहे ना. ज्याचा पाय दुखते त्याच्याऐवजी शेवटचा आऊट झालेला पळतो."

आता काकांच्या आधी बॅटिंगला कोण जातं? नववा, कारण नऊ जण झाले की पुन्हा पहिल्यापासून सुरू. आणि आऊट कोण होतं, ते काय सांगायला हवं?

तर सध्या असं चाललंय. मी जातो, बॉल हवेत उडवतो, आऊट होतो. मग काका चार बॉल सोडतात, रमतगमत बेसवर जातात, माझ्या पाठीवर थाप मारतात, "पळ आता," आणि मी जो सुटतो, दुसरा बेस, तिसरा, थेट घर, म्हणजे बॅटिंगच्या जागी परत… रन काकांच्या नावावर. अक्षरा खूश. "बघा, प्रणवकाका, आता तुम्ही सारखं बेसवर असते."

असतो ना. फक्त त्यासाठी आधी आऊट व्हावं लागतं.