कोरडा ठेवायचा तुकडा

शेती कार्यालयाच्या बाकावर माझ्या शेजारी सासू-सून बसल्या होत्या.

“आई, हवामान बदलावर सहा देशांतल्या संस्था मिळून काम करतात ना, त्यांनी आपल्या तुकड्यातलं बियाणं निवडलंय. पावसाने दडी मारली तरी तगलं म्हणून.”

“तगणारच. रोज चार बादल्या घालत होते मी.”

“काय? अहो आई, तो तुकडा मुद्दाम कोरडा ठेवायचा होता!”

“रोपं माना टाकत होती गं. मला बघवेना.”

“आणि आता तेच बियाणं सहाही देशांत पेरणार आहेत! आत सगळे आपल्या सत्काराला थांबलेत. काय सांगू त्यांना?”

“खरं ते सांग. रोज चार बादल्या. आणि ऊन उतरल्यावरच घाला म्हणावं.”