जावईबापूंसाठी पंप

नाही हो, आमच्याकडे कुठली यायला — लग्न झाल्यापासून पोर तुमची, आम्ही आपले फोटो बघून समाधान मानणारे. तुम्ही पंपाचं बोला. बसा त्या स्टुलावर. नको? उभ्याउभ्याच? बरं. तर मोठ्यात मोठा द्या म्हणता. सगळे हेच म्हणतात. जावईबापू, पेट्रोलचा पंप म्हणजे मिशी नव्हे, जितकी मोठी तितका रुबाब! तुमचं आठ सिलिंडरचं इंजिन, ते उघडून तुम्ही त्याची ताकद आणखी वाढवलीत, वर कार्ब्युरेटर मात्र जुनाच — त्याला इंजेक्शनवाल्या गाडीचा पंप लावलात तर काय होईल? एवढा दाब त्याला सोसायचा नाही, पेट्रोल वरून ओसंडेल, तापल्या इंजिनावर सांडेल, आणि मग गाडी आणि तुम्ही — असो, मुलीचा बाप आहे मी, अभद्र बोलू नये. आणि लहान लावला तर? तर गावात गाडी झकास चालते. आवाज काय, ऐट काय! पण मोकळ्या रस्त्यावर पाय दाबलात की इंजिन मागतं घागर आणि पंप देतो वाटी. मग ती खोकते, आचके देते. तशीच रेटलीत तर पिस्टनला भोक. खोक्यावर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका — तो मोकळ्या नळीचा आकडा. जरा दाब आला की पंप गळपटतो, निम्मंच पेट्रोल देतो. पुष्कळ माणसांचंही तसंच असतं, घरात तेवढे वाघ. तुम्हाला नाही म्हटलं. इंजिन वाढवलंत तेव्हा पंप कंपनीचाच ठेवलात ना? मग बरोबर! म्हणूनच परवा चढावर पाय पूर्ण दाबलात आणि गाडीनं मान टाकली, स्कूटर पुढे निघून गेली आणि तुम्ही रस्त्याच्या मधोमध — काय? कोणी सांगितलं? तुम्हीच की. आत्ताच. नाही?

हं. नाही सांगितलंत. खरंच. जन्म गेला या काउंटरमागे, गाडीचं दुखणं कळलं की औषध आपोआप तोंडातून निघतं. मेलं हे तोंडच —

थांबा. त्या दाराकडे जाऊ नका. गोदाम आहे ते. बरं, गोदाम नाही, खोली आहे, आणि खोलीत ती आहे. डावा डोळा उघडत नाही तिचा. बोटं अशी सुजलीत की स्कूटरचा ब्रेक दाबत कशी आली तिचं तिलाच ठाऊक. तुम्ही गाडीच्या दारात चेपलीत ना ती? आणि दाराचा रंग उडाला म्हणून वर आणखी दोन ठेवून दिल्यात म्हणे. रंगाची फार काळजी तुम्हाला. — कडीवरचा हात काढा. जावईबापू, हा माझ्या हातात जॅकचा दांडा आहे, आणि मी शेवटचं सांगतोय — बघा, ऐकत नाही माणूस —

ओरडू नका. मनगटच आहे. मोडल्याचा आवाज मलाही ऐकू आला, त्याची दवंडी कशाला? आणि तो दुसरा हात खिशात नको. नको म्हटलं ना! — आता गुडघा. हे तुमचं तुम्ही ओढवून घेतलंत. काउंटरला धरू नका, रक्त लागतंय; खाली पडा, फरशीवर तेल सांडलेलंच असतं. चाकू होय? असू दे, सरकवला मी पायानं. अरे-तुरे मात्र करणार नाही. जावयाचा मान ठेवायचा तो ठेवायचा, मारायचं ते मारायचं. आणि पंप? आहे माझ्याकडे, तुमच्या गाडीला चपखल बसेल असा, मागच्या फळीवर. देणार नाही. त्या तुटपुंज्या पंपानं माझी पोर वाचवली, मला जमलं नाही ते त्यानं केलं — मी काय करत होतो? पत्र्याच्या डब्यासारखा इथे बसून होतो. फोनवर तिचा आवाज बसलेला ऐकायचो आणि म्हणायचो, सर्दी झाली असेल. आता पोलिसांना बोलावतो, त्यांना काय ते —

तू का आलीस बाहेर? आत जा बाळ. आटोपलंय इथलं. जा म्हणतो ना. दांडा कशाला हवाय तुला? नाही, देणार नाही. सोड. अगं, बोटं बघ तुझी, तुला पेलायचा नाही तो —

पेलला.

जावईबापू, उठा. उठता येत नसेल तर रांगा, दार तिकडे आहे. मी मारता मारता बोलत तरी होतो. ही एक शब्द बोलत नाहीये.