दृष्ट काढली, पण कुणाची?

अगं, सईच्या ऑपेराची गंमत सांगितली का तुला? रशियन, विनोदी. तिच्या युनिव्हर्सिटीतल्या मुलांनी बसवलेला, सई नायिका. घरून, म्हणजे यिशुनहून, एमआरटी मेट्रोने गेले मी.

बाप नायिकेला कोंडतो. ती आपल्या दाईचा बुरखा घालते, आणि बापच तिला दाई समजून हाकलतो!

मी हसून हसून दमले. "पोटची पोर ओळखू येईना याला!"

पण सई काय गायली गं! डोळे भरून आले. दृष्ट लागायची पोरीला! प्रयोग संपताच आत धावले, बुरख्यातल्या मुलीच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

बुरखा वर झाला. दाईचं काम करणारी चिनी मुलगी! इथल्या इंग्रजीत म्हणते कशी,

"आंटी, राँग डॉटर लाह!"

मागून सई म्हणाली, "आई, त्या बापाला हसत होतीस ना?"