पुढं रंगतं

आमचे अण्णा पुस्तक कितीही भिकार असो, शेवटपर्यंत वाचणार अन् वर चारचौघांत मिरवणार. मी कॉलेज सोडल्यापासून हाच दाखला मला ऐकवतात. गेल्या उन्हाळ्यात ताई गंगापूरचं सासर सोडून आली, हातावर चटके घेऊन. अण्णा जाड कादंबरी वाचत होते.

"ही लई कंटाळवाणी आहे," ते तिला म्हणाले, "पण सोडली का मी? नेट धरावा, पोरी. पुढं रंगतं."

"अण्णा, पुस्तक तुम्हाला चटके देतं का हो?" ताईनं विचारलं.

अण्णांनी पान दुमडलं अन् माझ्याकडं बघितलं. "तुझंच वारं लागलंय हिला. जा, गंगापूरच्या जीपमध्ये बसवून ये."

"मी नाय जाणार," मी म्हटलं.

मग म्हातारा स्वतःच तिला बसवून आला, अन् जेवणाआधी राहिलेली सगळी पानं वाचून काढली.